संगणकाला वेगळे साऊंड कार्ड घ्यावे काय?

मागच्या रविवारी आम्ही जठारपेठेत ताईकडे गेलो, तर मायलेकात वाद पेटलेला. भाचा बारावी झाल्यावर एका दुकानात कामाला लागला आहे. एमएस-सीआयटीसाठी घेतलेल्या जुन्या संगणकावर रात्री दोन तास बंदुकीचे खेळ खेळतो. त्याला साडेतीन हजारांचे साऊंड कार्ड घ्यायचे होते. "मामा, मागून कोण येऊन रायलं ते मले ऐकूच येत नाई. गोळी बसली की मंग समजते," तो म्हणाला. "बचत गटाचा हप्ता बाकी आहे, अन् कानासाठी साडेतीन हजार काऊन लागतात रे बाप्पा?" ही ताई. भाऊजी दालमिलमधून थकून आलेले. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. निवाडा आमच्या गळ्यात पडला.

वाचकहो, खेळ म्हटला की आपल्या घरात लगेच नाके मुरडतात. पण दिवसभर राबणाऱ्या पोराने दोन तास करमणूक केली तर बिघडले कुठे? प्रश्न पैशाचा आहे, आणि तो पैसा योग्य जागी जातो की नाही, एवढाच आहे.

एके काळी हे कार्ड खरोखरच लागत असे. जुन्या संगणकाला स्वतःचा गळा म्हणजे फक्त 'पीं' करणारा एक लहानसा भोंगा. १९८७ साली कॅनडातील ॲडलिबचे कार्ड आले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साऊंड ब्लास्टर. ते बसवल्याशिवाय खेळातून संगीत ऐकू येत नसे. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ हे मानक आणले आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसू लागली. २००४ मध्ये एचडी ऑडिओ आले, त्याने दर्जा आणखी सुधारला. तरीही खेळणारे कार्ड घेतच, कारण पावलांची दिशा आणि खोलीतला घुमारा यांचे गणित कार्ड स्वतः करी, प्रोसेसरवर भार पडत नसे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि तिने खेळाच्या आवाजाचा हा थेट रस्ताच बंद केला. तेव्हापासून हे गणित बहुतेक खेळ स्वतःच प्रोसेसरवर करतात. म्हणजे ज्या कामासाठी लोक कार्ड घेत, ते काम आज बहुधा त्याच्याकडे येतच नाही. जाहिरातीत मात्र ते अजून आहे!

मग भाच्याला पावले का ऐकू येत नव्हती? आम्ही हेडफोन कानाला लावला. आत सारखी घरघर. माउस हलवला की घरघरीचा सूर बदले. हेडफोन लावलेला होता डब्याच्या पुढच्या भोकात. तिथली बारीक तार ग्राफिक्स कार्डाच्या अगदी जवळून जाते आणि वाटेतला गोंगाट उचलते. पीन काढून मागच्या हिरव्या भोकात लावली, अर्धी घरघर तिथेच गेली. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर होता. तो दुसऱ्या बटणावर नेला, तेव्हा अधूनमधून येणारी कडकड थांबली. अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असे सांगण्याची आमची छाती नाही.

मग खेळाच्या सेटिंगमध्ये गेलो. खेळात थ्री-डी आवाज चालू, विंडोजमध्ये सराऊंड चालू आणि हेडफोनच्या सोबत आलेल्या प्रोग्राममध्ये 'सेव्हन पॉइंट वन'ही चालू. एकाच भाजीत तिघांनी मीठ टाकल्यासारखे झाले होते. खेळातले तेवढे ठेवले, बाकी दोन्ही बंद केले. भाच्याला डोळे मिटायला सांगून आम्ही खेळातला गडी इकडेतिकडे फिरवला. डावीकडे, मागे, जिन्यावर, सगळे त्याने बरोबर ओळखले.

वेगळ्या यंत्राची गरज कोणालाच नसते असे नाही. बोर्डावरची चिप जळाली असेल, अडीचशे-तीनशे ओहमचा भारी हेडफोन असेल किंवा घरी गाणे रेकॉर्ड करायचे असेल, तर ते जरूर घ्यावे. पण त्यातही आम्ही यूएसबीला लावायचे बाहेरचे यंत्र घेऊ. ते डब्यातल्या गोंगाटापासून दूर राहते आणि पुढे लॅपटॉप घेतला तर त्यालाही चालते. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. यूएसबीच्या हेडसेटमध्ये आवाजाची चिप त्याची स्वतःचीच असते. तो वापरणाऱ्याने आत कितीही महागडे कार्ड बसवले, तरी ते तिथे नुसते बसून राहणार.

उरलेल्या अर्ध्या घरघरीचे कारण ताईच्या तोंडून निघाले. "डबा पुसताना हाताला झिनझिन लागते," ती सहज म्हणाली. आम्ही तिथेच संगणक बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती! घराला अर्थिंगच नाही, मग डब्यावर चढलेली वीज जाणार कुठे? घरघरही त्यातूनच. साडेतीन हजारांच्या कार्डाने ती गेली नसती आणि झिनझिन तर नाहीच नाही.

अर्थिंगला अकराशे लागले. ते भाच्याने दिले, कार्डासाठी जमवलेल्या पैशातून. बाकीचे त्याच्याचजवळ आहेत. ताईने मागितले नाहीत.