टपावरची अर्ध्या मीटरची काडी

गाडीत वायरलेस सेट बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॅटचा घेऊ?" हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा नुकतीच पास झालेला मुलगा हेच विचारतो, आणि पावसाळ्यात चार जीप घेऊन घाटात उतरणारी मंडळीही हेच विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, अँटेना कुठे लावणार आहात आणि बॅटरीपासून सेटपर्यंत वायर कुठली टाकणार आहात? सेटची निवड त्यानंतरची. दुकानात ती सगळ्यात आधी होते, म्हणून पुढचे निम्मे घोटाळे होतात.

वॅटचा हिशेब आधी उरकू. पाच वॅटच्या जागी पन्नास वॅट आले, म्हणजे ताकद दहापट झाली. समोरच्याच्या सेटवरचा सिग्नलचा काटा मात्र दहापट चढत नाही. त्या काट्यावर एक घर पुढे सरकायला चौपट ताकद लागते, त्यामुळे दहापटीत जेमतेम पावणेदोन घरं मिळतात. खरखरीत बुडालेला आवाज तेवढ्याने वर येतो, हे खरं. पण मध्ये डोंगर असेल तर पाच वॅटही अडतात आणि पन्नासही.

गाडीत आपण बहुतेक वेळा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, जमिनीला किंचित वळसा घालतात, आणि क्षितिजापाशी संपतात. क्षितिज किती लांब, ते अँटेनाच्या उंचीवर ठरतं. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण ४.१ने गुणा, येईल तो आकडा किलोमीटरमध्ये. टपावरचा अँटेना जमिनीपासून दोन मीटरवर असतो, म्हणजे क्षितिज सहा किलोमीटरच्या आसपास. दोन्ही गाड्यांचं मिळून बारा, तेही सोलापूरसारख्या सपाट मुलखात. आता मैदानापासून सातशे मीटर उंच डोंगरावर रिपीटर असला, तर एकट्या त्याचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रसारित करणारं केंद्र. शंभर किलोमीटरवर बोललो असं कुणी सांगतं, तेव्हा मोठेपण त्या डोंगराचं असतं.

म्हणूनच "मोबाइल गेला तरी वायरलेस कुठूनही लागतो" या भरवशावर ताम्हिणीत किंवा वरंध घाटात उतरू नये. खोल दरीत, दोन्ही बाजूंना कातळ असताना, वायरलेसही मुका होतो. फरक असा की त्याला टॉवर लागत नाही. पुढची गाडी एक वळण पुढे असेल तर थेट बोलता येतं, आणि ते वळण ओलांडून खिंडीच्या तोंडाशी आलात की रिपीटरही सापडतो. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला पटकन कळत नाही. कड्यांवरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरींशी भिडतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात. या पट्ट्यात लहरीची लांबी दोन मीटर, त्यामुळे अशा मेलेल्या जागा साधारण मीटर-मीटरवर येतात. चालत्या गाडीत आवाज फडफडतो तो यामुळे. थांबल्यावर काहीच ऐकू येईना, तर सेटला दोष देण्याआधी गाडी अर्धा मीटर पुढे घ्या. कित्येकदा तेवढ्याने आवाज स्वच्छ येतो.

आता अँटेना. त्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की टपावर दिसणारी काडी म्हणजे अख्खा अँटेना. ती अर्धाच असते. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहरीची काडी सुमारे ४९ सेंटीमीटरची होते. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्या खालचा पत्रा. टपाच्या मध्यावर लावली तर चारही बाजूंना सारखा पत्रा मिळतो आणि आवाज सगळ्या दिशांना जातो. बोनेटच्या कडेला किंवा मागच्या दारावर लावली तर एका दिशेला झुकतो. टप फायबरचा असेल, किंवा मध्यभागी काचेचा सनरूफ असेल, तर पत्राच नाही. तिथे पत्र्याची गरज नसलेला, अर्ध्या लहरीचा अँटेना घ्यावा लागतो. चुंबकावर बसणाऱ्या अँटेनाला रंग खरवडावा लागतो का, असं विचारतात. नाही. रंगाचा पातळ थर मध्ये असला तरी चुंबकाची बैठक आणि पत्रा मिळून कपॅसिटर बनतो, आणि या फ्रिक्वेन्सीला तेवढं पुरतं. बैठकीखालची धूळ मात्र दर आठवड्याला पुसा, नाहीतर तीच रंग खरवडते.

जास्त लांब अँटेना नेहमी जास्त चांगला, हेही अर्धसत्य. सव्वा मीटरची काडी आपली ताकद क्षितिजाच्या दिशेला दाबते, म्हणून नागपूर-वर्धा रस्त्यावर ती सरस ठरते. घाटात रिपीटर डोक्यावर असतो आणि लहरी वरून, आडव्यातिडव्या येतात. तिथे अर्ध्या मीटरची साधी काडी बरी पडते, आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्यांना अडकतही नाही.

अँटेना बसला की एसडब्ल्यूआर मीटर लावून जुळणी पाहतात. हा आकडा सांगतो की सेटने पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत फिरते. १.५ असेल तर चार टक्के, २ असेल तर अकरा टक्के, ३ असेल तर पाव हिस्सा. म्हणजे १.५ वरून १.१वर आणण्यासाठी दिवसभर काडी कापत बसण्यात अर्थ नाही. ३च्या पुढे मात्र बोलायचं थांबवून दोष शोधायचा. एवढं बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की चांगला आकडा म्हणजे चांगला अँटेना नव्हे. केबलच्या टोकाला पन्नास ओहमचा साधा रोधक लावला तर मीटर १ दाखवेल, आणि सगळी ताकद उष्णतेत जाईल. कोकणात हाच प्रकार पाऊस करतो. अँटेनाच्या मुळाशी फट राहिली, पाणी केबलच्या जाळीत शिरलं, की केबल ताकद जाताना खाते आणि परत येतानाही खाते. परत येणारी ताकद मीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणून आकडा आधीपेक्षा चांगला दिसतो. पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला असेल तर आनंद मानू नका, केबल उघडून पाहा. जाळी काळी पडली असेल तर ती केबल गेली. आणि केबल दाराच्या रबरातून आत घेताना बाहेरच्या बाजूला थोडा झोळ सोडा. पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतं, आत उतरत नाही.

यापुढचा भाग मी जरा आग्रहाने सांगतो, कारण इथे चूक झाली तर गाडी पेटते. "लायटरच्या सॉकेटमधून सप्लाय घ्या, काम होतं" हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. पन्नास वॅट बाहेर टाकणारा सेट बोलताना दहा-अकरा अँपिअर ओढतो. सॉकेटमागची वायर बारीक, जोड ढिले, आणि त्याच फ्यूजवर इतरही काही असतं. समजा बॅटरीपासून सेट चार मीटरवर आहे. जाऊन-येऊन आठ मीटर तांबं झालं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अकरा अँपिअरला सव्वादोन व्होल्ट वाटेतच जातात. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबाराला असेल तर सेटला उरले सव्वादहा. बहुतेक सेट १३.८ व्होल्टच्या पंधरा टक्के वर-खाली चालतात, म्हणजे त्यांना निदान पावणेबारा हवेत. मग बटण दाबलं की सेट बंद पडतो, सोडलं की चालू होतो, आणि मालक म्हणतो सेट खराब निघाला. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते.

वायर थेट बॅटरीवर न्यायची आणि फ्यूज बॅटरीच्या शेजारी, वीतभर अंतरात लावायचा. सेटच्या मागे फ्यूज आहे, तो पुरेसा नाही का? नाही, कारण बॅटरीपाशी लावलेला फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून वायर आत येते, तिथे धक्क्यांनी घासून तिचं आवरण फाटलं की ती बॉडीला टेकते. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देऊ शकते. सेटच्या मागचा फ्यूज या वाटेत येतच नाही, आणि वायर निखाऱ्यासारखी लाल होते. म्हणून त्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर विद्युत प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. तिथे सेटची काळी वायर थेट त्या टोकावर न जोडता, बॅटरीची वायर बॉडीला जिथे जोडलेली असते तिथे जोडायची. एअरबॅग ज्या खांबांत आणि डॅशबोर्डच्या ज्या भागात दडलेल्या असतात, त्यांच्यावरून ना वायर न्यायची ना माइकचा हुक ठोकायचा. एअरबॅग फुटली की वाटेत आलेली वस्तू गोळीसारखी सुटते.

ट्रकवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. मोठ्या ट्रक-बसमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. बारा व्होल्टचा सेट त्यावर लावला तर तो लगेच जळतो. मग कुणी तरी हुशारी करून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतो. सेट चालतो, पण एक बॅटरी रोज रिकामी होते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. दोन्ही वेळेआधी मरतात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर हाच त्यावरचा खरा उपाय.

कायद्याबद्दल लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणतो, ऑनलाइन मिळतो म्हणजे वापरता येतो. दुसरा म्हणतो, पोलीस सोडून कुणालाच परवानगी नाही. दोघेही चुकतात. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा नागरिकांचा पट्टा आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा, इथे ठरवून दिलेल्या कमी ताकदीत, मान्यताप्राप्त उपकरणावर बोलायला परवाना लागत नाही. बाकी सगळीकडे लागतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी हॅमचा परवाना हवा. तो केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षेनंतर मिळतो आणि बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं. मोर्स यायलाच हवा असं समजून अनेकजण मागे फिरतात. मोर्सची चाचणी वरच्या, जनरल श्रेणीसाठी आहे. रिस्ट्रिक्टेड श्रेणी तिच्याशिवाय मिळते. पण चार गाड्यांच्या ताफ्यात एकाकडे परवाना असला की बाकीच्यांचं भागतं, असं नाही. प्रत्येक सेटमागे परवानाधारक हवा. आणि हॅमच्या पट्ट्यावर ट्रॅव्हल्सच्या गाड्या किंवा मालाच्या फेऱ्या चालवता येत नाहीत. धंद्यासाठी वेगळा परवाना आहे.

"मोबाइलवर बंदी आहे, वायरलेसवर नाही" हाही असाच घातक समज. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १८४च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये हातात धरायच्या संपर्क उपकरणांचा वापर घातला आहे. त्यात फक्त फोनचं नाव नाही. दंडाचं सोडा, घाटातल्या वळणावर एक हात माइकवर असणं स्वतःतच वाईट. शेजारी बसलेला परवानाधारक असेल तर त्याने बोलावं, नसेल तर गाडी कडेला घ्यावी. पेट्रोल पंपावर सेट बंद करावा. रस्त्याच्या कामावर किंवा खाणीजवळ सुरुंगाची पाटी दिसली तर बटणाला हातच लावू नये. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारखं काम करू शकतात.

बोलण्याच्या सवयीही समजून घ्याव्यात. ओरडल्याने आवाज लांब जात नाही. एफएममध्ये मोठा आवाज फाटतो, एवढंच होतं. माइक तोंडापासून चार बोटं दूर धरा आणि जेवताना बोलतो तसं बोला. बटण दाबल्यावर सेकंदभर थांबा. रिपीटर जागा व्हायला तेवढा वेळ घेतो, आणि घाई केली तर "नको" मधला "न" गळून "को" तेवढा ऐकू येतो. सेटमध्ये टोन कोड टाकला म्हणजे बोलणं खासगी झालं, असंही नाही. त्या कोडमुळे तुम्हाला इतर लोक ऐकू येत नाहीत. त्यांना तुम्ही स्वच्छ ऐकू येता.

मोबाइलच्या जमान्यात हे सगळं कशाला, असं विचारणारे भेटतात. टॉवरला वीज लागते, आणि पुढे जाणारी फायबर किंवा मायक्रोवेव्हची जोडणी लागते. यातलं काहीही तुटलं की टॉवर उभा असूनही फोन मुका. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या उपक्रमासाठी पोर्ट ब्लेअरला होते. बाकीचे मार्ग बंद पडले असताना त्यांच्या केंद्रावरून निरोप गेले. दोन गाड्यांना थेट बोलायला दोन बॅटऱ्या आणि दोन अँटेना पुरतात. मधलं काहीच नसल्यामुळे मधलं काही तुटतही नाही.

म्हणून निघण्याआधी आम्ही फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून प्रत्येक गाडीत ठेवतो. दरीत असताना कुणी हाक मारत बसायचं नाही. प्रत्येक खिंडीच्या माथ्यावर थांबायचं, मागच्या गाडीची वाट पाहायची आणि तिचा आवाज आला की पुढे उतरायचं.