आलेखाच्या कडेला काय लिहावे?

शासकीय कार्यालये, ग्रामपंचायती आणि शाळा यांतून माहिती सादर करण्यासाठी आलेखांचा उपयोग आता नित्याचा झाला आहे. पूर्वी आलेख कागदावर पट्टी व पेन्सिल घेऊन जे काम तासन्‌तास चाले, ते संगणकावरील स्प्रेडशीट, म्हणजे ओळी व रकाने यांचा तक्ता, क्षणार्धात करून देते. मात्र हाताने आलेख काढणाऱ्यास उभ्या व आडव्या अक्षावर काय लिहावयाचे आणि प्रमाण कोणते धरावयाचे, याचा विचार आधीच करावा लागे. संगणक हा विचार परस्पर उरकतो, आणि तो वाचकाच्या सोयीचा असतोच असे नाही. बेळगाव-निपाणी परिसरात ही बाब अधिकच जाणवते. येथे तयार झालेला एकच आलेख पुष्कळदा दोन भाषांच्या आणि दोन राज्यांच्या वाचकांपुढे येतो.

एक साधे उदाहरण पाहू. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ४२,१४,५०५ होती. २०११ मध्ये ती ४७,७९,६६१ झाली. दहा वर्षांतील ही वाढ शेकडा सुमारे १३.४ इतकी आहे. हे दोन आकडे एक्सेलसारख्या कार्यक्रमात भरून स्तंभालेख मागितला, तर उभ्या अक्षाचा आरंभ शून्यापासून होत नाही. आकड्यांतील अंतर थोडे आहे असे पाहून यंत्र आपल्या नियमाने चाळीस लाखांच्या आसपासचा आकडा तळाशी धरते. तळ चाळीस लाखांचा धरला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या साडेतीन पटींहूनही उंच दिसतो. आकडे खरे, बेरीज खरी; तरीही भिंतीवर लावलेला हा तक्ता पाहून जाणारा ग्रामस्थ जिल्ह्याची वस्ती तिपटीहून अधिक वाढली असे समजून घरी जाईल. शाळेतील वा पाणीपुरवठ्यातील गरजांची चर्चा मग त्याच समजुतीवर होऊ लागते. उपाय अगदी सोपा आहे. अक्षावर उजवी कळ दाबून 'फॉरमॅट ॲक्सिस' हा पर्याय उघडावा आणि 'मिनिमम' या चौकटीत शून्य लिहावे. स्तंभाची उंची हेच ज्या आलेखाचे सांगणे, त्याचा पाया शून्यावरच असावा.

परंतु हा नियम सर्वत्र लावणे योग्य नव्हे. आलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, आणि हे मोजमाप समुद्रसपाटीपासूनचे आहे. पावसाळ्यात तेथील पाणी दोन मीटरने चढले वा उतरले, तर कृष्णाकाठच्या गावांना त्याची दखल घ्यावी लागते. तो अक्ष शून्यापासून आरंभिला तर दोन मीटरचा चढ-उतार डोळ्यांना दिसणारच नाही. येथे रेषालेख काढून अक्ष, समजा, ५१० मीटरपासून सुरू करणे रास्त ठरते. फक्त तसे अक्षाजवळ स्पष्ट लिहिलेले असावे.

याच ठिकाणी परिमाणाचा प्रश्न येतो. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. तेथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका मानला जातो. आलमट्टीची पातळी मीटरमध्ये, धरणांतील साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि विसर्ग क्युसेकमध्ये सांगितला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा खोऱ्यात महापूर आले, तेव्हा हे सर्व आकडे एकाच दिवसाच्या बातम्यांत होते. वेदगंगा व दूधगंगा यांच्या काठच्या रहिवाशाने ज्या अक्षावर केवळ '४३' लिहिले आहे, त्यावरून काय समजावे? फूट की मीटर, आणि कोणत्या मापनस्थळावरचे? 'पाण्याची पातळी, फूट, राजाराम बंधारा' एवढे शब्द अक्षाच्या कडेला घातले की शंका उरत नाही. ही अक्षरे यंत्र आपण होऊन लिहीत नाही. 'ॲक्सिस टायटल' हा पर्याय निवडून ती लिहावी लागतात.

मोठ्या संख्यांच्या बाबतीत यंत्राची भाषा हजार व मिलियन अशी असते. संगणकाची प्रादेशिक मांडणी भारताची ठेवल्यास स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात. त्याहून सुटसुटीत मार्ग असा, की 'डिस्प्ले युनिट्स' मध्ये एक लाखाचा पर्याय घ्यावा व अक्षाजवळ 'लाख' हा शब्द स्वतः टंकित करावा. मग ४५००००० च्या जागी ४५ एवढेच दिसते.

नावांविषयी थोडी सावधगिरी हवी. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या व नव्या नोंदी एकत्र केल्यास तक्ता त्यांना दोन वेगळे जिल्हे समजतो आणि अक्षावर दोन जागा देतो. निपाणी आता स्वतंत्र तालुका आहे, परंतु २०११ च्या जनगणनेत ते चिकोडी तालुक्यात मोडत होते. त्यामुळे चिकोडीचा जुना व नवा आकडा शेजारी ठेवताना तळटीप आवश्यक आहे. अन्यथा चिकोडीची वस्ती एकाएकी घटली असा समज होईल. शिवाय 'नुडी' किंवा 'श्रीलिपी' यांच्या जुन्या टंकांत लिहिलेली नावे, तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांप्रमाणे उमटतात. सीमेच्या दोन्ही बाजूंस फिरणाऱ्या धारिकांत युनिकोडच वापरावे. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरी, अथणी अशी बरीच नावे आडव्या अक्षावर दाटली, की यंत्र ती तिरपी करते, क्वचित मधली काही गाळूनही टाकते. अशा वेळी आडवे स्तंभ घेऊन नावे डाव्या बाजूस एकाखाली एक मांडावीत.

पावसाच्या दैनिक नोंदींत तारखांचा घोटाळा होतो. अमेरिकी मांडणीचा संगणक ५/६ ही तारीख ६ मे अशी वाचतो, आणि मृगाच्या तोंडचा पाऊस वळवाच्या खात्यात जमा होतो. अक्षावर '५ जून' असे महिन्याचे नाव अक्षरांत यावे, अशी तारखेची मांडणी निवडता येते. मात्र मूळ रकान्यात तारीख चुकीची भरली गेली नाही ना, हे त्यापूर्वी पाहून घ्यावे.