रग्बीची अकादमी कशी पारखाल?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वार्षिक परीक्षा संपत आल्या, की वर्तमानपत्राच्या घडीतून शिबिरांची पत्रके घरात येऊ लागतात. पोहणे, स्केटिंग, कराटे, क्रिकेट ही नेहमीची नावे. अलीकडे त्यांत रग्बीचेही नाव दिसू लागले आहे. मूल हट्ट धरते आणि आई-वडील पेचात पडतात. कारण क्रिकेटचा वर्ग बरा की वाईट, हे आपल्याला थोडेफार कळते. रग्बी मात्र आपण स्वतः खेळलेलो नसतो. मग ती अकादमी पारखायची कशी?

खरे म्हणजे हा खेळ भारताला अगदी परका नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून ज्या करंडकासाठी सामना होतो, त्याचे नावच ‘कलकत्ता कप’. कोलकात्याचा एक इंग्रजी क्लब बंद पडला, तेव्हा त्याच्या खात्यातले चांदीचे रुपये वितळवून हा करंडक घडवला गेला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर कित्येक पिढ्यांनी रग्बी पाहिला आहे. सात-सात खेळाडूंचा रग्बी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. गोव्यात २०२३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही तो होता. पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे आणि जून २०२५ मध्ये मुंबईत या खेळाची व्यावसायिक लीगही झाली. तेव्हा मुलांना या खेळाची ओढ वाटली, तर त्यात नवल नाही.

पण रग्बी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडायचे, याला ‘टॅकल’ म्हणतात. क्रिकेटचा वर्ग सुमार निघाला तर फार तर पैसे आणि सुट्टी वाया जाते. रग्बीचा वर्ग सुमार निघाला तर मुलाच्या मानेला आणि डोक्याला धोका असतो. म्हणून चौकशी करायची ती पैसे भरण्यापूर्वी.

पहिला प्रश्न : टॅकल कधी शिकवता?

या एका प्रश्नाच्या उत्तरावरून अर्धी परीक्षा होते. ‘पहिल्याच दिवसापासून, मुलं घट्ट व्हायला हवीत,’ असे उत्तर आले तर नमस्कार करून परत फिरावे. रग्बीचे माहेर असलेल्या इंग्लंडमध्येसुद्धा आठ वर्षांखालील मुले टॅकलशिवाय खेळतात. कमरेला फिती लावलेल्या असतात. फीत ओढून घेतली की गडी पकडला गेला, असे मानतात. अंगाला भिडणे त्यानंतर, पायरीपायरीने येते.

चांगला प्रशिक्षक टॅकल शिकवतानाही आधी गुडघ्यांवर बसवून, मग चालत, मग हळू धावत आणि शेवटी वेगात शिकवतो. तो सारखा एकच गोष्ट बजावत असतो : डोके कुठे आहे? पकडणाऱ्याचे डोके समोरच्याच्या अंगाच्या पुढे आडवे आले, तर गुडघा किंवा कंबर थेट डोक्यावर आदळते. ते बाजूला, मागच्या अंगाला राहिले पाहिजे. आपली मुले कबड्डी खेळलेली असतात आणि त्यांना पकड करण्याची सवय असते, हे खरे. पण कबड्डीचे अंगण लहान असते. रग्बीत दोघेही लांबून धावत आलेले असतात. तेव्हा ‘याला सगळं येतं’ असे समजून पायऱ्या गाळणारा प्रशिक्षक नको.

एकदा सराव पाहायला जा आणि जोड्या कशा लावतात, तेही बघा. बारा ते चौदा या वयात एकाच वर्गातली दोन मुले उंचीने आणि वजनाने अगदी वेगळी असू शकतात. एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा अजून लहानखुराच असतो. जन्मतारीख सारखी आहे म्हणून या दोघांना एकमेकांवर सोडणे योग्य नव्हे. जाणता प्रशिक्षक अंगपिंड बघून जोडी लावतो.

दुसरा प्रश्न : डोक्याला मार बसला तर काय करता?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उत्तर आयर्लंडमध्ये जानेवारी २०११ मध्ये शाळेच्या एका सामन्यात १४ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मार बसला. त्याला मैदानावर तपासले आणि पुन्हा खेळू दिले. मग पुन्हा मार बसला. सामन्याच्या अखेरीस तो कोसळला आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधीच दुसरा धक्का बसला, तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडले तर बहुधा जिवावर बेतते. त्या मुलाच्या आई-वडिलांनी हा विषय लावून धरला. पुढे स्कॉटलंडने सर्व खेळांसाठी एकच नियम केला : शंका आली, की मुलाला बाहेर बसवा.

पुष्कळांचा समज असतो, की शुद्ध हरपली तरच मार गंभीर. तसे नाही. मेंदूला धक्का बसलेल्या बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही. मूल गोंधळलेले दिसते, तोल जातो, डोके दुखते, मळमळते, उजेड सहन होत नाही, किंवा तोच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारते. एवढे दिसले तरी त्या दिवसाचा खेळ संपला. ‘पाणी मार, उभा राहा, मर्द आहेस ना!’ हे वाक्य ज्या मैदानावर ऐकू येते, तिथे आपले मूल पाठवू नये. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटके किंवा हातापायांत अशक्तपणा दिसला तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे. मान दुखत असेल तर मुलाला हलवायचेही नाही, जाणकार मदत येईपर्यंत तसेच ठेवायचे.

परत खेळण्याची घाईही नको. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सूचनांप्रमाणे, अशा दुखापतीनंतर किमान २१ दिवस सामना खेळायचा नाही आणि त्याआधी हळूहळू शाळा, चालणे, हलका सराव अशा पायऱ्या चढायच्या. अकादमीला विचारा : अशा दुखापतींची नोंदवही आहे का? मैदानावर प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती कोण? जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे नेणार कोण? ज्याने आधी विचार केलेला आहे, त्याला उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

मैदान आणि माणसे

इंग्लंडमध्ये जमीन ओली आणि गवत दाट असते. आपल्याकडे पुष्कळ मैदाने मुरमाची असतात, मे महिन्यात ती दगडासारखी होतात. अशा जमिनीवर टॅकल शिकवणे म्हणजे कपाळमोक्षाला आमंत्रण. स्वतः मैदानावर चालून बघा. खडे, काचा, खड्डे आहेत का? गोलखांबांना गाद्या बांधल्या आहेत का? पाणी आणि सावली आहे का? दातांचे कवच तोंडात असल्याशिवाय मुलाला टॅकलच्या सरावात घेत नाहीत ना? मात्र कवचाने दात वाचतात, मेंदूचा धक्का टळत नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रशिक्षकाला प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. ‘वर्ल्ड रग्बी’ या जागतिक संघटनेचे प्रशिक्षकांसाठी पहिल्या पायरीपासून अभ्यासक्रम आहेत. तो स्वतः मोठा खेळाडू होता, एवढ्यावर भागत नाही. खेळणे वेगळे आणि लहान मुलांना शिकवणे वेगळे.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला आपण कचरतो. मुलामुलींना एकट्याने कुठे बोलावले जाते का? बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर जबाबदार स्त्री असते का? सराव पाहायला पालकांना मज्जाव आहे का? मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ चा आहे आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे. चांगली संस्था या प्रश्नाने रागावत नाही. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असावा.

आश्वासनांचा हिशेब

महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुणही मिळतात. याच गोष्टी पुढे करून काही जण ‘प्रमाणपत्राची हमी’ देतात. हमी कोण देऊ शकतो? कोणती स्पर्धा आणि कोणता क्रमांक ग्राह्य धरायचा, हे शासनाचे नियम ठरवतात, अकादमी नव्हे. ती मान्यताप्राप्त राज्य संघटनेशी जोडलेली आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. शुल्काची पावती घ्यावी, आणि मूल महिन्याभरात सोडून गेले तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्यावे.

सरावाचे तासही मोजा. बालरोगतज्ज्ञ एक सोपे माप सांगतात : मुलाचे वय जितकी वर्षे, आठवड्याला संघटित खेळाचे तास त्याहून जास्त नकोत. शिवाय आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवीच. दहा वर्षांच्या मुलाला रोज तीन तास राबवणारी अकादमी खेळाडू घडवत नाही, त्याला थकवते.

शेवटी एक साधा उपाय. कार्यालयातल्या चकाकत्या चषकांकडे पाहू नका. तीन वर्षांपूर्वी दाखल झालेल्या मुलांपैकी आज किती जण खेळत आहेत, ते विचारा. जी सोडून गेली, त्यांपैकी दोघांच्या आई-वडिलांशी बोला. आणि पहिल्या आठवड्यानंतर आपल्या मुलाला ‘जिंकलास का?’ असे विचारू नका. ‘आज काय शिकलास? सर पडलेल्याला काय म्हणाले?’ असे विचारा. त्या उत्तरातून अकादमी कशी आहे ते आपोआप कळेल.