थेंब मोजणारे यंत्र

प्रयोगशाळा म्हटली की कला शाखेच्या आपणा मंडळींना वाटते, हा प्रांत आपला नव्हे. उपकरणे महाग, आणि त्यांच्या पोटात काय दडले आहे ते कंपनीलाच ठाऊक! मलाही तसेच वाटे. परंतु 'सिरिंज पंप' या साध्या उपकरणाची माहिती वाचली आणि हे मत बदलले.

रसायनशास्त्राच्या काही प्रयोगांत एखादा द्रव तासन् तास एकाच गतीने सोडावा लागतो. माणसाचा हात थकतो, पंप थकत नाही. २०१४ साली अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाच्या जोशुआ पिअर्स व सहकाऱ्यांनी अशा पंपाचे आराखडे सर्वांना खुले केले.

त्याची रचना पाहा. स्टेपर मोटर एक फेरा २०० पावलांत पुरा करते. तिला आटे पाडलेला दांडा जोडलेला असतो. दांडा फिरला की त्यावरचा नट पुढे सरकून सिरिंजचा दट्ट्या ढकलतो. दोन आट्यांमधील अंतर ०.८ मिलिमीटर असेल, तर एका पावलात दट्ट्या ०.००४ मिलिमीटर सरकेल. सिरिंजचा आतील व्यास १५ मिलिमीटर धरला, तर सुमारे ०.७ घन मिलिमीटर द्रव बाहेर पडेल. म्हणजे थेंबाहूनही पुष्कळ कमी. हिशेब सारा शालेय भूमितीचा!

मोटर व दांडा बाजारात मिळतात. उरलेले भाग टेबलावर मावणारा थ्री-डी प्रिंटर वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचून घडवतो. असे प्रिंटर स्वस्त होण्यास इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी २००५ साली सुरू केलेला 'रेपरॅप' प्रकल्प मोठा कारणीभूत ठरला. मोटरला हुकूम देण्यासाठी 'आर्डुइनो'सारखा छोटा बोर्ड चालतो. गंमत म्हणजे आर्डुइनोचा जन्म इटलीतील इव्रेआच्या एका डिझाइन संस्थेत झाला, आणि तोही इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी!

मात्र स्वस्त ते आपोआप खरे ठरत नाही. नट आणि दांडा यांत किंचित ढिलाई राहते, त्यामुळे कागदावरचा हिशेब आणि बाहेर पडलेला द्रव यांत फरक पडतो. म्हणून पंपातून पाणी सोडून ते तराजूवर तोलावे. एक मिलिलिटर पाणी जवळजवळ एक ग्रॅम भरते. ही परीक्षा पुनःपुन्हा घ्यावी. आणि असला घरगुती पंप रुग्णाला औषध देण्यासाठी कदापि वापरू नये.

माझ्या मते पैशांची बचत हा यातील दुय्यम लाभ होय. ज्या उपकरणाचा प्रत्येक भाग आपण जाणतो, त्याने दिलेल्या आकड्याला आपण प्रश्न विचारू शकतो. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून 'फॅब लॅब' आहे. अशी साधने खेड्यात पोहोचू शकतात, तर आपल्या महाविद्यालयात का नकोत?