हृद्रोग्याची धडधड : केव्हा थांबू नये?

रोजकीर्द लिहिल्यावाचून व्यापाऱ्याची दुकानबंदी होत नाही. परंतु स्वतःच्या नाडीचा हिशेब मात्र आपल्यापैकी फारच थोडे ठेवतात. ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांची झडप सदोष आहे किंवा ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे, अशा बंधुभगिनींनी व त्यांच्या कुटुंबीयांनी तरी हा हिशेब अवश्य शिकून घ्यावा. येथील दिरंगाईची भरपाई पुढे कोणत्याही खर्चाने होत नाही.

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ मनुष्याचे हृदय मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. जिना चढल्याने, तापाने अथवा भीतीने हा वेग वाढतो व कारण दूर होताच हळूहळू उतरतो. निरोगी हृदय ही धडधड सहज सोसते. हृद्रोग्याची गोष्ट निराळी. दोन ठोक्यांमधील अवकाशात हृदय रक्ताने भरते, आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही मुख्यतः त्याच अवकाशात रक्त मिळते. ठोके फार जलद झाले म्हणजे हा अवकाश आखडतो, रक्तदाब उतरतो आणि श्रम वाढलेले असतानाच हृदयाचा आहार तुटतो. शिवाय जुन्या झटक्याच्या व्रणाभोवती विद्युत्प्रवाह भरकटून हृदयाच्या खालच्या कप्प्यांत अतिजलद ठोके सुरू होऊ शकतात. त्यांचे पर्यवसान नुसत्या थरथरीत झाले, तर रक्ताभिसरणच थांबते.

म्हणून धडधडीबरोबर छातीत दुखणे वा दडपण, धाप लागणे, घेरी किंवा शुद्ध हरपणे, थंड घाम, भ्रमिष्टपणा यांपैकी एकही लक्षण दिसल्यास नाडी मोजण्यातही वेळ दवडू नये; १०८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे वा वाचा अडखळणे हीही तशीच निकड होय. कारण अनियमित ठोक्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते.

अशी लक्षणे नसतील, तर मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. स्वस्थ बसलेल्या हृद्रोग्याची नाडी १५० वा त्याहून अधिक असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. ती १०० च्या वर रेंगाळत असेल किंवा नव्यानेच अनियमित झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. धडधड थांबली तरी तपासणी टाळू नये.

रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये व मनाने जादा गोळी घेऊ नये. चालू औषधांची चिठ्ठी आणि जुना कार्डिओग्राम बरोबर न्यावा. रुग्ण बेशुद्ध होऊन त्याचा श्वास थांबला, तर मदत बोलावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ साली हृदयाच्या ठोक्याशी मेळ घालून दिलेल्या विद्युत्‌धक्क्याने बिघडलेली लय पूर्ववत करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. असा उपचार रुग्णालयातच होतो. घरी वाट पाहण्याने तो केवळ लांबतो.

उपवास करणाऱ्यांस एक विनंती. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असता पाणी वर्ज्य केले, तर शरीरातील पाणी व क्षार घटून धडधड उद्भवू शकते. काही हृदयौषधे एकाएकी बंद केल्यानेही वेग उसळतो. यास्तव पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

“एवढे गिऱ्हाईक जाऊ दे, मग पाहू” हे वाक्य आपल्या पेढ्यांवर नित्य ऐकू येते. भीती निराधार ठरली, तर एका संध्याकाळची विक्री बुडेल. खरी ठरली आणि आपण थांबलो, तर घरचा कर्ता माणूस जाईल. या दोन तोट्यांची तुलना करणे व्यापाऱ्यास तरी कठीण जाऊ नये.