महागडे स्मार्ट घड्याळ : कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये?

दिवाळी जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलगा पुण्याहून घड्याळ पाठवतो म्हणतोय. चाळीस-पन्नास हजारांचं आहे. नाडी, प्रेशर, ईसीजी, झोप, सगळं त्यात कळतं म्हणे. घेऊ का? की बाजारात दोन-तीन हजारांना मिळतं त्यानं भागेल?" गेल्या महिन्यात अशाच आशयाची वाचकांची पत्रेही आली. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मी सगळ्यांना एकच उत्तर देत असे, "पैसे वाया घालवू नका." या उत्तरापायी मी एकदा चुकलो. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी हे यंत्र नेमके काय मोजते ते समजून घेऊ.

नाडी आणि पावले

घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारे हिरवे दिवे आपण पाहिले असतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील बारीक रक्तवाहिन्या रक्ताने भरतात आणि प्रकाश कमी परत येतो. ठोका ओसरला की जास्त परत येतो. हा चढउतार मोजून घड्याळ नाडी सांगते. हे तत्त्व १९३० च्या दशकापासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे आणि दोन हजारांच्या व पन्नास हजारांच्या घड्याळांत ते एकच आहे. फरक असतो तो दिव्यांच्या संख्येत, हाताच्या हालचालीमुळे होणारी गडबड वेगळी काढण्याच्या हिशेबात आणि त्या हिशेबाची किती तपासणी झाली आहे यात. स्वस्थ बसलेले असताना साधे घड्याळही नाडी बहुधा ठीक दाखवते. धावताना, भाकरी थापताना किंवा पट्टा सैल असताना ते अधिक चुकते.

पावले मोजण्यासाठी मात्र महाग घड्याळाची काहीच गरज नाही. खिशातला मोबाइलही ते काम करतो. रोज १०,००० पावले चाललेच पाहिजे हा आकडाही काही शास्त्राज्ञा नव्हे. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावातच 'दहा हजार पावले' होती. तेथून हा आकडा जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रिया होत्या. दिवसाला साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले आणि ७,५०० च्या पुढे फारसा जादा फायदा दिसला नाही.

'किती कॅलरी जळाल्या' या आकड्यावर तर कोणीच विसंबू नये. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात प्रकारची उपकरणे तपासली. नाडी बहुतेकांनी बरोबर दाखवली, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. घड्याळ म्हणते ४०० कॅलरी जळाल्या म्हणून वाटेत वडापाव खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रक्तदाब आणि साखर

सर्वांत जास्त फसगत येथे होते. दंडाला पट्टा बांधून आपण रक्तदाब पाहतो तेव्हा हवेच्या दाबाने रोहिणी दाबली जाते आणि तो दाब प्रत्यक्ष मोजला जातो. पट्टा न फुगवणारे घड्याळ दाब मोजत नाही. नाडीच्या लाटेच्या आकारावरून ते अंदाज बांधते. काही महाग घड्याळांत ही सोय असते, पण दर चार आठवड्यांनी दंडाच्या यंत्राशी ते जुळवून घ्यावे लागते. २०२५ मध्ये आलेल्या एका सोयीत घड्याळ ३० दिवसांच्या नोंदींवरून 'रक्तदाब वाढलेला असावा, तपासून घ्या' एवढेच सुचवते, आकडा देत नाही. मला हे अधिक प्रामाणिक वाटते.

स्वस्त घड्याळांवर मात्र प्रत्येकाचा रक्तदाब १२०-८० च्या आसपास झळकतो. परवा एका रुग्णाचे असे घड्याळ काढून मी टेबलावरच्या केळ्याला बांधले. केळ्याची नाडी ७४ आणि रक्तदाब ११८-७६ आला! बाई हसल्या, पण याच आकड्यावर विश्वासून त्यांनी दोन महिने रक्तदाबाची गोळी बंद केली होती. माझ्या यंत्रावर त्यांचा दाब १७८-१०४ होता.

मधुमेही वाचकांसाठी एक वाक्य ठळक करून सांगतो. सुई न टोचता केवळ मनगटावरून रक्तातील साखर मोजणारे विश्वसनीय घड्याळ आज अस्तित्वात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नका असा इशाराच दिला. दंडाला चिकटवण्याची जी चकती असते, तिची बारीक तार कातडीखाली जाते. घड्याळ फक्त तिचा आकडा दाखवते. ती गोष्ट वेगळी.

प्राणवायूचे प्रमाणही घड्याळे दाखवतात. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाचे यंत्र प्रकाश बोटातून आरपार सोडते, घड्याळाला मनगटावरून परत येणाऱ्या प्रकाशावर भागवावे लागते. धाप लागलेल्या रुग्णासाठी बोटाचेच यंत्र वापरावे.

खरा फरक ईसीजीचा

मग जादा पैसे कशाचे? माझ्या मते आरोग्याच्या दृष्टीने मुख्य फरक ईसीजीचा आहे. घड्याळाची पाठ एका मनगटाला टेकलेली असते. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या धातूच्या भागाला लावले की दोन हातांमधील विद्युतप्रवाहाची ३० सेकंदांची नोंद होते. दवाखान्यातील ईसीजीच्या १२ आलेखांपैकी हा पहिला आलेख. नेदरलँडचे डॉ. आइन्टहोवेन, ज्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक ईसीजीसाठी मिळाले, तेही दोन हातांमधील हाच आलेख घेत असत. घड्याळातच बसवलेल्या ईसीजीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

आता माझ्या चुकीची हकीकत. विट्याकडचे एक निवृत्त शिक्षक, वय ६८, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. पंधरा-वीस दिवसांतून एकदा छातीत फडफड होते, दहा मिनिटांत थांबते अशी त्यांची तक्रार. दवाखान्यात येईपर्यंत सारे शांत. मी तीनदा ईसीजी काढला, तिन्ही व्यवस्थित. २४ तासांची हॉल्टर तपासणी केली, नेमके त्या दिवशी काही झाले नाही. शेवटी मी म्हणालो, "गुरुजी, काळजी कमी करा, निवृत्तीनंतर असं होतं." मुलाने घड्याळ घेऊ का विचारले, तेव्हा नको म्हणून सांगणाराही मीच.

गुरुजींनी माझे ऐकले नाही, ही देवाची कृपा. दीड महिन्याने पहाटे फडफड सुरू होताच त्यांनी घड्याळाला बोट लावले आणि तो आलेख माझ्यापुढे ठेवला. ठोके पूर्ण अनियमित होते. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. हृदयरोगतज्ज्ञांनी निदान पक्के करून रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू केले. गुरुजी आज ठणठणीत आहेत. ते घड्याळ नसते तर कदाचित अर्धांगवायू झाल्यावरच मला निदान कळले असते. त्यानंतर मी सरसकट 'नको' म्हणणे सोडले.

पण याच घड्याळाची दुसरी बाजूही पाहिली आहे. ५२ वर्षांचे एक व्यापारी. रात्री छातीत दाटून आले, घाम फुटला. त्यांनी घड्याळाचा ईसीजी काढला. 'नियमित लय' असे उत्तर आले. पित्त असेल म्हणून ते सोडा पिऊन झोपले. पाच तासांनी मिरजेच्या रुग्णालयात पोहोचले तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूंचा मोठा भाग निकामी झाला होता. ते वाचले, पण आज दोन जिने चढताना थांबावे लागते. घड्याळ खोटे बोलले नव्हते. लय नियमितच होती. मात्र हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. कंपन्याही हे माहितीपत्रकात लिहितात, पण ते वाचतो कोण?

तरुणांना किती उपयोग?

२०१९ साली ॲपल हार्ट स्टडी या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला. 'नाडी अनियमित आहे' अशी सूचना त्यांपैकी अवघ्या ०.५२ टक्के लोकांना मिळाली. ६५ वर्षांवरील लोकांत हे प्रमाण ३.१ टक्के, तर ४० च्या आतील लोकांत ०.१६ टक्के होते. सूचना मिळालेल्या ज्या ४५० जणांची नंतर छातीवर पट्टी लावून नोंद पाहिली, त्यांतील ३४ टक्क्यांत हा विकार आढळला. तो येऊन-जाऊन असल्याने बाकीच्या सूचना खोट्याच होत्या असे म्हणता येत नाही. पण तिशीतल्या निरोगी माणसाने एवढ्यासाठी पन्नास हजार घालण्यात अर्थ नाही, हे या आकड्यांवरून उघड आहे.

वजन उतरवण्यासाठी घड्याळ घेणाऱ्यांनाही एक सांगणे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाबरोबर ज्यांनी असे उपकरण वापरले त्यांचे वजन ३.५ किलो घटले, तर उपकरण न वापरणाऱ्यांचे ५.९ किलो.

मग कोणी घ्यावे?

ज्यांना अधूनमधून धडधड होते पण तपासणीत सापडत नाही, त्यांनी डॉक्टरांशी बोलून ईसीजीचे घड्याळ जरूर घ्यावे. पासष्टी उलटलेले, एकटे राहणारे वृद्ध पडले तर आपोआप फोन लावणारी सोय काही महाग घड्याळांत असते. मुले परगावी असतील तर तिचेही मोल आहे. मात्र बहुतेक घड्याळांना त्यासाठी जवळ मोबाइल लागतो आणि घड्याळ रोज चार्ज करावे लागते. ज्यांना ते जमणार नाही त्यांचे घड्याळ कपाटात पडून राहते.

बाकीच्यांनी चालण्याची शिस्त लागावी म्हणून दोन-तीन हजारांचे घ्यावे, पण त्यातील रक्तदाबाचा आकडा पाहूच नये. रक्तदाब असलेल्यांनी उरलेल्या पैशांतून दंडाला बांधण्याचे चांगले डिजिटल यंत्र घ्यावे. ते साधारण दोन-अडीच हजारांत येते. हप्त्यावर महाग घड्याळ आणि औषधाला पैसे नाहीत, असे मात्र होऊ देऊ नका.

दुकानदाराला चार प्रश्न विचारा. यातला ईसीजी भारतात चालू आहे का? तो माझ्या मोबाइलवर चालेल का, की त्याच कंपनीचा फोन लागेल? ईसीजी आलेखाची प्रत डॉक्टरांना पाठवता येते का? बॅटरी किती तास टिकते?

आणि फुकटची तपासणीही विसरू नका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवून रोज एक मिनिट नाडी मोजा. ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे एका लयीत पडतात की वेडेवाकडे, एवढे कोणालाही कळते. वेडेवाकडे वाटले तर डॉक्टरांकडे जा.

मात्र छातीत दाटून आले, घाम फुटला, डाव्या हातात वा जबड्यात कळ आली, तर मनगटाकडे पाहत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि जवळचे रुग्णालय गाठा.