फुलाआधीची ओळख

पहिला दमदार पाऊस पडला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांपुढे शेवळांच्या जुड्या येतात. जुडीशेजारी हिरव्या, आंबट काकडांचा छोटा वाटा असतो. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नुसती शिजवली तर घसा खवखवतो, म्हणून त्यांत काकडं घालतात. दोन्ही वस्तू शेजारी मांडल्या की अर्धी कृती गिऱ्हाइकाच्या पिशवीत आपोआप जाते. याच दिवसांत मोबाइलवर निरोप फिरू लागतात. रविवारी सकाळी येऊरच्या फाटकापाशी जमा, वनस्पती ओळख भ्रमंती. भीमाशंकरच्या पायथ्याला रानभाज्यांची सहल, जेवण पाड्यावर. श्रावणात गणेशपत्रींची ओळख, भाद्रपदात कास. जाणकारासोबत रानात जाऊन झाडंझुडपं ओळखायला शिकण्याची ही हौस मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, रत्नागिरी, सगळीकडे पावसाळी रविवार तिने भरलेले असतात.

तिचा आढावा घेताना एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. काही सहली फूल ओळखायला जातात, काही कोंब. वरवर हा ऋतूचा फरक दिसतो. खरं तर ओळखण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्या क्वचितच एकमेकींना भेटतात.

वनस्पतिशास्त्राची पद्धत फुलावर उभी आहे. अठराव्या शतकात लिनियसने पुंकेसर-स्त्रीकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून वर्ग पाडले. ती वर्गवारी पुढे बदलली, पण आजही कुठलीही ओळखकिल्ली उघडली की चार पायऱ्यांत ती फूल मागते. फूल किंवा फळ नसलेला नमुना वनस्पतिसंग्रहात अपुराच समजला जातो. आपल्याकडची सगळी थोर कामं याच शिस्तीतून आली. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केला; तो अजून अभ्यासकांच्या हाताशी असतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, त्याच परंपरेतल्या फादर सांतापाव यांचं १९५३ चं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं पश्चिम मंडळ, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम: आजच्या सहलीत कुणी भिंग डोळ्याला लावून ‘पाकळ्या जुळलेल्या आहेत का बघा’ म्हणतं, तेव्हा त्यामागे ही सगळी पायपीट उभी असते.

कुकच्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीखाली ती कुठे, कुणी गोळा केली याची नोंद आहे. लेखकाने स्वतः नमुना पाहिला असेल तर संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह येतं. त्या नावांत गोऱ्या साहेबांबरोबर कानिटकर आहेत आणि पानोपानी एक भिवाही आहे. नुसता भिवा. आडनाव नाही. डोंगर चढून नमुना आणणारा, झाड कुठे उगवतं हे ठाऊक असणारा हा माणूस ग्रंथात एवढाच उरला. त्याआधी सव्वादोनशे वर्षं, मलबारातल्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ या डचांनी काढलेल्या लॅटिन ग्रंथात (१६७८ ते १६९३) इट्टी अच्युतन या वैद्याचं आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं साक्षपत्र त्यांच्या नावांनिशी छापलं गेलं होतं. कोकणी मजकूर तर नागरी लिपीत आहे. जाणकाराचं नाव छापण्यात आपण सतराव्या शतकाच्या मागे गेलो, आणि ही खोड आजच्या सहलींतही टिकून आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता दुसरी पद्धत. रानभाजी खुडणाऱ्या बाईला फुलाची वाट पाहून चालत नाही. टाकळा पिवळा फुलला म्हणजे जून झाला. त्याची भाजी होते ती रोप घोट्याएवढं असताना. कुर्डूला गुलाबी-पांढरा तुरा आला की त्याचा पाला कुणी तोडत नाही. फोडशी जमिनीतून वर येते तेव्हा गवतासारखीच दिसते. म्हणजे ज्या खुणेवर शास्त्राची भिस्त आहे, ती खूण दिसण्याआधीच हिला निर्णय घ्यायचा असतो, आणि चूक झाली तर ती घरातल्या ताटात उतरणार असते. त्यामुळे तिच्या खुणा निराळ्या आहेत. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद, आणि संध्याकाळी मिटणाऱ्या. त्याच्याच शेजारी उगवणाऱ्या कासविंद्याला जोड्या जास्त, पर्णिका टोकदार, चुरगाळली तर उग्र दर्प. बांध कुठला, माती कशी, शेजारी काय उगवलंय, देठ मोडताना तार निघते का, हे सगळं ती एका नजरेत आणि एका चिमटीत तपासते. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली बायकांची ही विद्या वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून आईमागे फिरून आलेली असते.

यातला धोका हौशी मंडळींना पुरेसा कळत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कळलावीचं लाल-पिवळं फूल सगळ्यांना ओळखू येतं. जूनमध्ये जमिनीतून निघालेला तिचा कोवळा कोंब मात्र फारच थोड्यांना ओळखू येतो. तिच्यात, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जीवघेणं विष असतं. खूण आहे ती पानाच्या टोकाला: टोक लांबून तणाव्यासारखं वळतं. पण अगदी पहिल्या पानांत ही वळी नीट दिसेलच असं नाही. कोळकांद्याची गोष्ट आणखी फसवी. तो फुलतो उन्हाळ्यात, पानांशिवाय. पावसात नुसती लांब पानं येतात, तेव्हा फूल पाहून खात्री करण्याचा मार्गच बंद असतो. खाली मोठा कांदा असतो आणि त्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. फोडशीला असा कांदा नसतो, मांसल मुळं असतात. कडूकंद तर खाल्ला जातोच, पण कापून, राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून. ही कृती छायाचित्रात येत नाही. पान मोबाइलच्या ॲपला दाखवून मिळालेल्या नावावर भाजी शिजवणं हा अविचार आहे, आणि हे सहलीच्या सुरुवातीलाच ठणकावून न सांगणारा नेता मी चांगला मानत नाही.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं न खाण्याची चालही पावसाळ्याच्याच दिवसांतली, नांगराविना उगवलेल्या अन्नाची. शहरी स्वयंपाकघरांत ती आता बाजारातून आणलेल्या वाट्यांवर भागते. कृषी विभाग गेली काही वर्षं ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे करटोली, भारंगी, दिंडा, चाईचा मोहोर, मायाळू एका छपराखाली मिळतात. उपक्रम स्तुत्य आहे. फक्त भाजी जुडीत बांधून समोर आली की तिची जागा हरवते. करटोलीच्या वेलांत नर वेगळा, मादी वेगळी. फळ फक्त मादीला. जमिनीतला कंद राखला तर तोच वेल पुढच्या वर्षी पुन्हा येतो. हे मंडपात कळत नाही, कुंपणाशी उभं राहिल्यावर कळतं.

फुलांच्या सहलींचं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण अर्थातच कास. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे जांभ्याचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. खडकावर मातीचा थर पातळ, नत्राची वानवा, वर धो धो पाऊस. म्हणूनच तिथे सीतेची आसवं जमिनीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात आणि दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे. हे समजून घ्यायचं तर चिखलात गुडघे टेकून एका वीतभर जागेपाशी बराच वेळ बसावं लागतं. प्रत्यक्षात बहुतेक लोक निळ्या-गुलाबी ताटव्यात उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली, आधी नोंदणी आली, कुंपण घातलं गेलं, पुढे ते काढलंही गेलं. आसपासच्या गावांतली तरुण मुलं-मुली आता तिथे वाटाड्याचं काम करतात, हा या गर्दीतला चांगला भाग. माझं मत विचाराल तर कासला सप्टेंबरऐवजी जुलैच्या सुरुवातीला जावं. ताटवे नसतात, गर्दी नसते, आणि कुठल्या पानातून काय फुलणार आहे हे वाटाड्याला विचारायला भरपूर वेळ असतो.

कारवीच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. ती सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करून मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली हा बहर आला, तेव्हा बातम्या, खास सहली, वाहनांच्या रांगा, सगळं झालं. मधल्या सात वर्षांत त्याच पायवाटेवरून गेलेल्या किती जणांनी तिची खरखरीत, समोरासमोरची पानं हाताने चाचपली असतील? याच कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होत आल्या आहेत. घर बांधणाऱ्याला ती बिनफुलाचीही ओळखता येते.

दुर्मीळ फुलांमागे धावण्यात वेगळाच प्रश्न आहे. शिवनेरीवरची शिंदळ माकुडी, जिला डॅल्झेलने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं, किंवा सह्याद्रीतली कंदीलपुष्पं. यांच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. कंदीलपुष्पाची रचना विलक्षण असते: नळीत शिरलेली बारीक माशी आत वळलेल्या केसांमुळे अडकते, परागकण तिला चिकटतात, केस सुकले की सुटते. याच वनस्पतींचे कंद खरपुडी म्हणून खाल्लेही जातात. अशा झाडाचं छायाचित्र नेमक्या ठिकाणासह पसरलं की उपटणारे पोहोचतात. आयनॅचरलिस्टसारखी व्यासपीठं धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण झाकतात. सहलीच्या गटात मात्र ते उघडपणे टाकलं जातं. जागा न सांगणं हाही नेत्याच्या कामाचा भाग आहे. गणेशपत्रींचंही तेच. एकवीस पत्री ओळखायला शिकवणाऱ्या सहली छान असतात, पण आघाडा, माका, विष्णुक्रांत, डोरली ओळखून पोतं भरून नेणारे तयार होणार असतील तर ओळख न झालेली बरी. एकेक पान पुरतं.

शहरांतल्या भ्रमंतींबद्दल थोडक्यात. भायखळ्याची राणीची बाग, पुण्याची वेताळ टेकडी, २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरलेली गणेशखिंड बाग इथे झाडं एकाच जागी वर्षानुवर्षं उभी असतात, म्हणून पानगळ, पालवी, मोहोर, फळ असा सगळा फेरा पाहता येतो. शिकणाऱ्याने सुरुवात इथेच करावी. पुस्तकंही आहेत. श्रीकांत इंगळहळीकरांचं २००१ चं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ कितीतरी पाठपिशव्यांत असतं. शरदिनी डहाणूकर, हेमा साने, श्री. द. महाजन यांच्या मराठी लेखनाने झाडांकडे पाहण्याची भाषा दिली. मात्र फील्डगाइड बहुधा फुलांच्या रंगानुसार लावलेलं असतं. कोंबांचं, रोपांचं, बिनफुलाच्या पानांचं नीट मराठी पुस्तक हवं आहे, आणि ते एकट्या वनस्पतितज्ज्ञाला लिहिता येणार नाही.

दोन्ही पद्धती एकत्र येतात त्या सहली थोड्या असतात, पण त्याच सर्वांत उत्तम. पुढे गावातली मावशी, बरोबर भिंगवाला अभ्यासक, मागे दहा-बारा माणसं. त्याहून जास्त नकोत. मावशी कोंब दाखवते, अभ्यासक कुल सांगतो, आणि ऑक्टोबरात पुन्हा त्याच बांधावर येऊन सगळे त्याच रोपाचं फूल, शेंग, बी पाहतात. पण पैशाचा हिशेब बघा. जाहिरातीत अभ्यासकाचं नाव, पदवी, छायाचित्र असतं. मावशीचा उल्लेख ‘स्थानिक महिला’ एवढाच. तिला मिळतं ते जेवणाच्या ताटांचे पैसे. भिवाचं आडनाव कुकला विचारावंसं वाटलं नसेल, आपल्याला काय अडचण आहे? मार्गदर्शनाचं मानधन दोघांना सारखं द्यावं, नाव दोघांचं छापावं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही आणली. पुष्कळ ठिकाणी ती घाईघाईने भरली गेली. सहलींच्या वर्गणीतला वाटा जर त्या त्या गावच्या जैवविविधता समितीकडे गेला आणि प्रत्येक सहलीत पाहिलेलं मावशीच्या नावासह तिथे उतरलं, तर नोंदवही खरी होईल.

दिवाळीनंतर या सहली बंद पडतात, कारण फुलं संपतात. वास्तविक याच वेळी माळावरची गवतं पक्व झालेली असतात आणि त्यांची ओळख आपल्याकडे सर्वांत कच्ची आहे. कुसळीचं कुसळ ओलं-कोरडं होताना पिळतं आणि बी जमिनीत रुतवतं, हे धोतराला चिकटलेल्या कुसळांवरूनही कुणाला शिकवता येईल. मारवेल गुरांना का गोड लागतं, पवना कुठल्या उतारावर येतो, रोशा गवत चोळल्यावर कसला वास येतो, हे माळरानावर मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगराला तोंडपाठ असतं, तेही ओंबी येण्याच्या कितीतरी आधी. पुणे, सोलापूर, नगरच्या माळांवर कार्तिक-मार्गशीर्षात अशी गवतांची सहल काढणारा गट हवा आहे. तीन-चार तास, सपाट चाल, एक भिंग, एक धनगर आणि त्याला ठरवून दिलेलं मानधन, एवढ्यावर ती सुरू करता येईल.